वाद्यामागून कंठ

ऑक्टोबर १९४९ मध्ये स्वीडनच्या राजधानीत, स्टॉकहोम येथे, जेम्स मूडी नावाचा चोवीस वर्षांचा कृष्णवर्णी अमेरिकन वादक ध्वनिमुद्रणासाठी उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातातले वाद्य त्याचे स्वतःचे नव्हते. त्याचा नेहमीचा सॅक्सोफोन टेनर जातीचा, भारदस्त आवाजाचा. त्या दिवशी मात्र त्याने लार्स गुलिन या स्वीडिश वादकाचा ऑल्टो, म्हणजे त्याहून चढ्या सुराचा सॅक्सोफोन उसना घेतला होता. १९३५ सालचे एक लोकप्रिय प्रेमगीत, ज्याची चाल जिमी मॅकह्यू याची आणि शब्द डोरोथी फील्ड्स हिचे, ते त्याने वाजवावयास घेतले. परंतु मूळ चाल जेमतेम ओळखू येईल इतकीच शिल्लक ठेवून, तिच्या आधाराने त्याने स्वतःचीच एक नवी, वळणावळणाची, कोठे रेंगाळणारी तर कोठे एका दमात चार पायऱ्या उतरणारी स्वरावली त्या क्षणी निर्माण केली, आणि ती मुद्रिकेवर उमटून राहिली. परक्या वाद्यावर बोटे चाचपताना माणूस जो सावधपणा बाळगतो तो त्या वादनात कान देऊन ऐकणाऱ्यास जाणवतो, आणि माझ्या मते त्याच्या माधुर्याचे अर्धे कारणही तेच आहे.

पुढे जे घडले ते मूडीच्या स्वप्नातही नसेल. एडी जेफरसन नावाचा एक नर्तक होता, ज्याला वादकांच्या मुद्रिका पाठ करून त्यांवर शब्द बसविण्याचा नाद होता. त्याने मूडीच्या त्या संपूर्ण वादनावर, एकही स्वर न गाळता आणि एकही पदरचा न घालता, प्रेमालापाचे शब्द बसविले. ते गीत क्लॅरेन्स बीक्स याने, जो किंग प्लेझर या नावाने गात असे, उचलले आणि १९५२ मध्ये प्रेस्टिज कंपनीसाठी मुद्रित केले. मूळ मुद्रिकेत मध्यंतरी जेथे पियानो येतो तेथे या गीतात ब्लॉसम डिअरी ही गायिका स्त्रीच्या उत्तराचे शब्द घेऊन येते, आणि तो भाग संपताच पुरुषाचा कंठ पुन्हा सॅक्सोफोनच्या वाटेने चालू लागतो. मुद्रिकेने कीर्ती मिळवून दिली ती प्लेझरला. जेफरसनच्या वाट्याला पुष्कळ दिवस केवळ जाणकारांची मान्यता आली. या प्रकाराला व्होकलीज असे नाव पडले. सरकारी दफ्तरात अस्सल दस्तऐवजावरून काढलेली बरहुकूम नक्कल जशी मूळच्या खाडाखोडीसह उतरवून घेतात, तसा येथे गायक वादकाचा उच्छ्वास, त्याची अडखळ आणि त्याने ऐन वेळी बदललेला विचारसुद्धा उतरवून घेतो. विशेष इतकाच की, ही नक्कल मुळात नसलेला अर्थ बरोबर घेऊन येते.

आता, जळगावात राहणाऱ्या आणि केळी, कापूस व सोने या तीन विषयांवाचून ज्याच्या गावाचा उल्लेख वर्तमानपत्रांत सहसा होत नाही अशा माणसाने या परदेशी प्रकारात गुंतून पडावे याचे कारण काय, असा प्रश्न स्नेही मंडळी अनेक वर्षे विचारीत आली आहेत. त्याचे उत्तर चाळीसगावच्या दक्षिणेला आहे. तेथला घाट चढून पलीकडे गेले की देवगिरीचा मुलूख लागतो, आणि यादवांच्या त्या राजधानीत, सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ सिद्ध केला. त्या ग्रंथात गीत, वाद्य आणि नृत्य यांची जी उतरंड घालून दिली आहे तीत गीत सर्वश्रेष्ठ. वाद्याने गीताचे अनुसरण करावयाचे आणि नृत्याने वाद्याचे. गेली सातशे वर्षे आपल्याकडे हा हुकूम बहुतांशी पाळला गेला. सारंगी गळ्यामागून गेली, हार्मोनियम गळ्यामागून गेली, आणि स्वतंत्र वादन करणाऱ्या सतारियानेही ‘गायकी अंग’ हीच आपल्या वादनाची सर्वांत मोठी सनद मानली. व्होकलीजमध्ये हा क्रम उलटा झाला आहे. तेथे कंठ मागे आणि वाद्य पुढे. आणि ज्याचे कान शार्ङ्गदेवाच्या व्यवस्थेत वाढले आहेत त्याला या उलथापालथीची जी गंमत वाटते, ती खुद्द अमेरिकन श्रोत्याला तितक्या उत्कटतेने वाटत असेल किंवा नाही याची मला शंका आहे.

तथापि ही उलथापालथ आपल्याला अगदीच अपरिचित आहे असेही नव्हे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले त्या दिवसापासून मराठी नाटककाराने एक विलक्षण शिस्त अंगी बाणवून घेतली: चाल आधी आणि शब्द मागून. जुन्या नाटकांच्या छापील प्रती ज्यांनी चाळल्या असतील त्यांना पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे छापून पुढे एखाद्या ठुमरीचा, लावणीचा किंवा कानडी पदाचा निर्देश केलेला आठवत असेल; म्हणजे मालमत्ता कोणाकडून आली त्याचा दाखला जागच्या जागी दिलेला असे. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूर्वेकडच्या ठुमरी-दादऱ्यांचा खजिना आणून खाडिलकरांपुढे ओतला, १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी घराणेदार बंदिशी दिल्या, आणि खाडिलकर, ज्यांना स्वतःला गाता येत नव्हते, त्या बंदिशींच्या मात्रांवर मराठी अक्षरे बसवीत गेले. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याल्या’ची पदे तर त्यांच्या पश्चात विठ्ठल सीताराम गुर्जरांनी अशाच ठरलेल्या चालींवर रचून दिली. एखाद्या पदात ऱ्हस्व अक्षर ताणले जाते, जोडाक्षर नको तेथे येते, आणि अर्थ काही वेळ मुकाट्याने बाजूला उभा राहतो, तो या शिस्तीचाच परिणाम. आपण तो दोष कधी मानला नाही. ज्याने बालगंधर्वांचे गाणे प्रेमाने ऐकले आहे त्याला शब्द आणि सूर यांच्या या ओढाताणीत एक प्रकारची लज्जत असते हे सांगावे लागत नाही.

बालगंधर्वांचा उल्लेख जळगावकराने जरा हक्काने करावा, कारण नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचे गाण्याचे पहिले धडे याच गावी मेहबूबखाँ यांच्यापाशी झाले. त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आज गावात आहे, आणि जानेवारीच्या थंडीत त्यांच्याच नावाचा संगीत महोत्सवही भरतो. तेथे बसून एखाद्या प्रौढ श्रोत्याकडे पाहावे. गायक नाट्यपद घेतो, मूळ मुद्रिकेतील हरकतीपासून किंचित दूर जातो, आणि त्या श्रोत्याची मान ‘बरोबर नाही’ अशा अर्थाने हलते. त्याला ती हरकत पाठ आहे. बालगंधर्वांनी तीच जागा दुसऱ्या रात्री निराळी घेतली असेल, नव्हे, घेतलीच असणार. परंतु मुद्रिकेने एका दिवसाची लहर कायम केली, आणि कायम झालेली लहर ही परंपरा होऊन बसली.

व्होकलीजचे मूळ नेमके येथे आहे, आणि नाट्यपदाहून त्याचे वेगळेपणही येथेच आहे. खाडिलकरांनी शब्द दिले ते बंदिशीला. तिच्यावरची उपज त्यांनी गायकावर सोडली. जेफरसनने शब्द दिले ते उपजेलाच. जी गोष्ट पुन्हा होऊ नये अशाच अटीवर जन्माला येते, तिला त्याने अक्षरांनी बांधले, आणि हे ग्रामोफोनवाचून अशक्य होते. सुई उचलून पुन्हा पुन्हा त्याच खोबणीवर टेकविणारा, एकेक स्वर घोकणारा हट्टी श्रोता हा या कलेचा खरा आद्यप्रवर्तक होय.

त्या मुद्रिकांचे द्रव्यही आपल्याशी नाते सांगणारे आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती काळी, जड, पडली की फुटणारी तबकडी लाखेची असे, आणि त्या काळात जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा भाग हिंदुस्थानातील पळस, बोर आणि कुसुम यांच्या फांद्यांवरून खरवडून निघत असे. १९४२ मध्ये युद्धामुळे हा माल दुर्मीळ झाला, तेव्हा अमेरिकन सरकारने मुद्रिकांसाठी लागणाऱ्या लाखेवर कडक नियंत्रण आणले आणि नव्या तबकडीसाठी दुकानदार जुन्या तबकड्या परत मागू लागले. न्यूयॉर्कचा गायक काय किंवा पुण्या-मुंबईची गायिका काय, दोघांचा आवाज लाखेच्या त्याच कीटकाच्या स्रावात कोरला जाई, आणि दोघांना मिळणारा अवकाशही तोच, सुमारे सव्वातीन मिनिटांचा. ख्यालगायकाला तासाचे गाणे तीन मिनिटांत आवळताना जो घाम फुटला तो आपल्या संगीतेतिहासात नमूद आहे. जॅझवाल्यांना मात्र ती मर्यादा फारशी जाचली नाही. त्यांनी तीत विनोद, व्यथा, प्रेमाची याचना आणि एक संपूर्ण संभाषण बसविले.

त्याच वर्षी आणखी एक चमत्कारिक प्रसंग घडला. अमेरिकेतील वादकांच्या संघाने, ज्याचा प्रमुख जेम्स पेट्रिलो होता, १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, आणि बड्या कंपन्यांच्या बाबतीत तो १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत टिकला. गायक त्या संघाचे सभासद नव्हते, सबब त्यांना बंदी लागू होत नव्हती. मग कंपन्यांनी काय करावे, तर गायकाच्या मागे वाद्यवृंदाऐवजी गाणाऱ्यांचाच ताफा उभा केला, आणि मनुष्यकंठांनी व्हायोलिनांची नि कर्ण्यांची जागा भरून काढली. तोंडाने वाद्य होण्याची विद्या अर्थात त्यापूर्वीचीच. ओहायोच्या मिल्स बंधूंनी १९३० नंतरच्या दशकात तोंडाने ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन असे हुबेहूब काढले की, या मुद्रणात एका गिटारीखेरीज कोणतेही वाद्य नाही असा खुलासा तबकडीवर छापावा लागला. लुई आर्मस्ट्राँगने तर १९२६ सालीच ‘हीबी जीबीज’ या मुद्रिकेत शब्द सोडून निरर्थक अक्षरांवर गाणे चालविले होते. कागद हातातून पडला म्हणून तसे झाले अशी त्याची हकीकत सांगतात, आणि ती खरी मानण्याची सक्ती कोणावर नाही. ज्याला तराणा ठाऊक आहे त्याला निरर्थक अक्षरांची अडचण पडण्याचे कारणच नाही.

हे सारे खानदेशात आले कसे? धुळे मुख्य लोहमार्गावर नाही. चाळीसगावाहून फुटणाऱ्या फाट्याने तेथे जावे लागते. परंतु चाळीसगाव, जळगाव आणि भुसावळ ही तिन्ही ठाणी मुंबईहून निघालेल्या मेलगाड्यांच्या वाटेवर आहेत, आणि मुंबईत जे शिजे त्याचा वास उशिरा का होईना, पण या पट्ट्यात येई. (चाळीसगावी तर केकी मूस नावाचे एक असामान्य छायाचित्रकार स्टेशनालगतच्या बंगल्यात जवळजवळ अर्धे शतक स्वतःला कोंडून घेऊन राहिले, आणि पंजाब मेलने येणाऱ्या कोणा एका व्यक्तीसाठी रोज रात्री थांबत राहिले, अशी आख्यायिका आहे, ती निराळ्या लेखाची सामग्री होय.) मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णी अमेरिकन वाद्यवृंद आला, त्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले, आणि त्यांच्या सहवासात गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेली, सासष्टी-बार्देशातील ही मंडळी वाचलेले वाजवीत होतीच. आता न लिहिलेले वाजविण्यास शिकली. त्यांच्यातला हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जाऊ लागला.

पुढे मुंबई राज्यात दारूबंदी आली. हॉटेलांतील रात्रींचा रंग उतरला, आणि वाद्यवृंदांना पोटासाठी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांची वाट धरावी लागली. सरकारने मद्यावर केलेल्या जप्तीमुळे जॅझ हा कलाप्रकार अनायासे जळगावच्या चित्रपटगृहांत आणि यात्रेतल्या तंबूत येऊन पोहोचला, ही गोष्ट मला नेहमीच मौजेची वाटत आली आहे. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, भगवानदादांच्या १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेटच्या साथीने जे घडविले, आणि १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ या गाण्यात निरर्थक अक्षरांचा जो दंगा मांडला, त्यातून लाखो लोकांनी आर्मस्ट्राँगचे नावही न ऐकता त्याची विद्या आत्मसात केली. या शेवटच्या गाण्याचे गायक दोन, आणि खानदेशाशी दोघांचेही काही नाते. किशोरकुमार भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या मार्गावरील खांडव्याचा; आणि आशा भोसले यांचे आजोळ धुळे जिल्ह्यातील थाळनेरचे. फारुकी सुलतानांच्या जुन्या राजधानीच्या, तापीकाठच्या त्या गावातील हरिदास लाड यांची कन्या शेवंती ही मास्टर दीनानाथांची पत्नी. दीनानाथांच्या गाण्यातील अकस्मात झेप, आणि थाळनेरच्या आजीकडून घरात आलेली गुजराती लोकगीते, या दोहोंवर वाढलेल्या गळ्याने पुढे श्वाससुद्धा तालात घ्यावा, १९७१ च्या ‘कारवाँ’मध्ये नुसत्या धापेला वाद्याचा दर्जा द्यावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

सिनेमागृहातून हे संगीत लग्नाच्या मिरवणुकीत उतरले. खानदेशातील लग्न बँडवाचून पूर्ण होत नसे, आणि डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या तरी बँड अद्याप मेलेला नाही. पांझरेकाठच्या धुळ्यात, जेथे गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत, तेथल्या एका बँडच्या दुकानी मी चातुर्मासात, म्हणजे हंगाम बंद असताना, जाऊन बसलो. झगमगीत झाकणांची गाडी ताडपत्रीखाली होती, डगले खुंटीवर होते, आणि उतारवयाचे बँडमास्तर एका ट्रंपेटच्या पडद्यांना तेल देत होते. मी त्यांना फोनवर किंग प्लेझरची ती मुद्रिका ऐकविली. इंग्रजी त्यांना येत नाही, म्हणून शब्दांचा व्यत्ययही त्यांना झाला नाही. पहिले वळण संपण्याच्या आतच त्यांनी माझ्याकडे पाहिले.

“नाना, हाई गानं नही शे,” ते म्हणाले, “हाऊ तं पीस शे. तोंडघाई वाजाडी ऱ्हायना तो.”

बँडवाल्यांच्या व्यवहारात पीस म्हणजे दोन कडव्यांमधला वाद्यांचा भाग. गाणारा मनुष्य गात नसून तोंडाने पीस वाजवितो आहे, हा निवाडा त्यांनी सात-आठ सेकंदांत दिला. मी म्हणालो, “अण्णा, हे मूळचे सॅक्सोफोनवरचेच.” त्यांना त्यात आश्चर्य वाटले नाही. त्यांनी मुद्रिका परत लावावयास सांगितली, आणि ती चालू असता ट्रंपेट ओठांना न लावताच त्यांची तीन बोटे पडद्यांवर चालू लागली. एका जागी, जेथे मूडी एका लांब सुरावरून भरभर खाली येतो, तेथे ती चुकली, थांबली, आणि दुसऱ्या वेळी बरोबर पडली. लताबाईंची मुरकी ट्रंपेटवर उतरविण्यात ज्यांचा जन्म गेला, म्हणजे शार्ङ्गदेवाचा हुकूम ज्यांनी लग्नाच्या वरातीत इमानाने बजावला, त्यांना उलट दिशेने आलेला प्रवासी ओळखण्यास वेळ लागला नाही.

माझ्या स्वतःच्या कानांचे शिक्षण मात्र रेडिओने झाले. पोस्टात वर्षाचा परवाना भरून घ्यावयाचा त्या काळी आमच्या घरी एक संच होता. त्याच्यावर दिवसा घरच्यांचा अंमल असे आणि रात्री माझा. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कोनोव्हर हा गृहस्थ १९५५ पासून जॅझचा तास चालवीत असे. परभाषकांना समजावे म्हणून तो इतके सावकाश आणि स्वच्छ इंग्रजी बोले की, माझ्यासारख्या मराठी शाळेतल्या मुलाने त्याचे उच्चार गिरवावेत. लघुलहरींवरचा तो आवाज समुद्राच्या लाटेसारखा वर-खाली होई, आणि ऐन रंगात आलेले गाणे काही काळ नाहीसे होऊन चार मात्रांनंतर पुन्हा प्रकट होई. मधल्या मात्रा श्रोत्याने मनात मोजावयाच्या. लय सांभाळण्याचा याहून चांगला वर्ग मला पुढे मिळाला नाही.

एला फिट्झजेराल्ड मी अशी तुटक ऐकली. पुढे तिची बर्लिनची मुद्रिका हाती आली, १३ फेब्रुवारी १९६० च्या मैफलीची. तीत एका प्रसिद्ध गीताचे शब्द ती भर मैफलीत विसरते, आणि न थांबता, आपण शब्द विसरलो आहोत हेच नव्या शब्दांत त्याच चालीवर गात पुढे जाते. श्रोते खूष होतात, पण मला तीत दिसते ती एक कठोर तालीम: सम कोठे आहे हे ज्याला झोपेतही ठाऊक आहे तोच असा बेफिकीर होऊ शकतो. त्याच मैफलीच्या अखेरीस ती निरर्थक अक्षरांवर प्रदीर्घ काळ गाते आणि वाटेत दहा ठिकाणच्या चालींचे तुकडे उचलून आपल्या झोळीत टाकते. वसंतराव देशपांड्यांच्या मैफलीत ज्यांनी पुढची जागा काय येईल याचे अंदाज बांधले आणि ते सारे चुकल्याचा आनंद घेतला, त्यांना एलाची ओळख करून देण्याची गरज नाही. बिली हॉलिडेची गोष्ट निराळी. तिच्या गळ्याचा पल्ला लहान, ताना नाहीत, चमत्कार नाहीत. परंतु ती शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवते, जणू तो उच्चारावा की नाही याचा निर्णय तिला अद्याप करावयाचा आहे. १९५८ च्या ‘लेडी इन सॅटिन’मधला तिचा झिजलेला आवाज पुष्कळांना ऐकवत नाही, बेगम अख्तरांचा फुटणारा स्वर ज्यांनी दाद देऊन ऐकला त्यांना तो ऐकवावा.

व्होकलीजचा कळस मात्र झाला तो तिघांच्या हातून: डेव्ह लॅम्बर्ट, जॉन हेंड्रिक्स आणि ॲनी रॉस. १९५७ मध्ये त्यांनी काउंट बेसीच्या संपूर्ण वाद्यवृंदाच्या मुद्रिकांना शब्द देण्याचा बेत केला. हेंड्रिक्सने प्रत्येक वाद्यासाठी ओळी लिहिल्या, बारा-एक गायक आणले, आणि असे दिसून आले की ते गायक सुरात अचूक असूनही त्यांना बेसीच्या लयीचा झोका साधत नाही. पैसा संपत आला. तेव्हा गायकांना रजा देऊन या तिघांनीच एका आवाजावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा असे मुद्रणाचे थर चढवून सारा वाद्यवृंद स्वतःच्या तीन गळ्यांतून उभा केला. रॉस ट्रंपेटांच्या उंचीवर, हेंड्रिक्स सॅक्सोफोनांत, लॅम्बर्ट खाली. ‘सिंग अ साँग ऑफ बेसी’ ही ती मुद्रिका. १९६२ मध्ये रॉस निघून गेली, तेव्हा तिच्या जागी आली ती सिलोनची योलांदे बावन. म्हणजे ज्या बेटाच्या रेडिओवर आम्ही आमची हिंदी गाणी ऐकत होतो, त्या बेटाची एक मुलगी १९६३ च्या न्यूपोर्ट महोत्सवात सॅक्सोफोनची भाषा बोलत होती.

येथे माझी एक तक्रारही नमूद करतो. या प्रकारातील पुष्कळशा मुद्रिका दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत. वादक एका दमात सोळा स्वर काढतो, म्हणून गीतकार सोळा अक्षरे कोंबतो, आणि ऐकणाऱ्यास वकिलाचे युक्तिवाद ऐकल्याचा शीण येतो. १९८५ मध्ये मॅनहॅटन ट्रान्सफर या चमूने हेंड्रिक्सचे शब्द घेऊन ‘व्होकलीज’ नावाचीच मुद्रिका काढली. तिला ग्रॅमीची बारा नामनिर्देशने मिळाली, तीत काही कोठे चुकत नाही, आणि म्हणूनच मी ती क्वचित लावतो. शब्द स्वरावर बसला पाहिजे तो असा की, स्वर काय म्हणत होता ते आता कळले असे वाटावे. जळगावजवळच्या आसोद्याची लेक बहिणाबाई चौधरी, जिला लिहिता-वाचता येत नव्हते आणि जिची गाणी तिच्या निधनानंतर १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने छापली गेली, तिचे शब्द जात्याच्या फेऱ्यावर आणि शेतातल्या कामाच्या चालीवर जन्मले. तेथे आधी हाताची गती होती आणि मागून अक्षर आले, तरी एकही अक्षर जागा भरण्यासाठी आल्यासारखे वाटत नाही. हेंड्रिक्सच्या उत्तम दहा-बारा रचना या कसोटीला उतरतात. बाकीच्यांना कारागिरीचे गुण द्यावेत.

आपल्या भाषाकुळात या कसोटीला उतरणारे गाणे झाले ते कोकणीत. मडगावचा ट्रंपेटवादक ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना कोर्देर यांनी मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत इंग्रजी जॅझ गाऊन वाजवून झाल्यावर, १९७० च्या आगेमागे, कोकणीत मुद्रिका काढल्या. ‘बेबदो’ ऐकावी. दारुड्या नवऱ्यावर चिडलेल्या बाईचे हे गाणे. शब्द मराठी माणसाला बारा आणे कळतात आणि उरलेले चार आणे रागाच्या सुरावरून कळतात. पेरीचा ट्रंपेट तिला डिवचतो, ती खरखरीत, जवळजवळ बाजारी आवाजात उत्तर देते, आणि एखाद्या जागी दोघांपैकी कोण बोलले याचा कानाला भ्रम होतो. पुढे दोघांचे फिसकटले, आणि लॉर्ना दोन दशकांहून अधिक काळ गायली नाही. १९९५ मध्ये ती परत उभी राहिली तेव्हा गोव्यात लोटलेली गर्दी तिचे प्रत्येक गाणे तिच्याआधी म्हणत होती. या दोघांच्या कथेवर ‘नाचों-या कुंपासार’ हा चित्रपट निघाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मराठीत असे का झाले नाही, हा प्रश्न मी संगीत जाणणाऱ्या अनेकांना विचारला आहे. माझा स्वतःचा तर्क असा की, आपल्या उत्तम चालींचा पुरवठा बंदिशीकडून होत राहिला आणि उत्तम वादकांचा हार्मोनियमकडून. एखादा ट्रंपेट मराठी कवीच्या शेजारी नोकरीस राहिला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

ज्याला या वाटेने जावयाचे असेल त्याने किंग प्लेझरपासून आरंभ करू नये, असे माझे मत आहे, कारण ती मुद्रिका इतकी सुबक आहे की तिच्यातले धाडस दिसत नाही. त्याऐवजी वॉर्डेल ग्रे याचे १९४९ चे ‘ट्विस्टेड’ घ्यावे. टेनर सॅक्सोफोनचे ते वादन आहे, ब्लूजच्या बारा मात्राखंडांच्या आवर्तनात फिरणारे. ते आधी तोंडपाठ व्हावे, निदान पुढचे वळण कोठे आहे ते कळावे. मगच ॲनी रॉसची १९५२ ची मुद्रिका लावावी, जिचे शब्द तिने एका रात्रीत लिहिल्याचे सांगतात. त्यात एक बाई आपल्या मनोवैद्याची तक्रार करते आहे: तो मला वेडी ठरवतो, आणि मी म्हणते शहाणा कोण ते ठरायचे आहे. ग्रे जेथे अचानक वरच्या सप्तकात उडी घेतो तेथे त्या बाईचा आवाज चढतो, आणि तो जेथे एकाच स्वरावर टोच्या मारीत राहतो तेथे ती आपलेच म्हणणे हट्टाने घोकते. इंग्रजी शब्द पहिल्या खेपेस सगळे कळणार नाहीत. धुळ्याच्या मास्तरांना मी पुढच्या खेपेस हीच ऐकविली, आणि त्यांनी विचारले की, ही बाई भांडते आहे ती नवऱ्याशी की सासूशी.